दया पुरे, आता शिक्षक हवेत!

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या वाडीवरची शाळा. मागच्या रांगेत एक मूल गप्प बसलेले असते. हाक मारली तर ओ देत नाही. फळ्यावरचे उतरवून घेते, पण विचारले तर बोलत नाही. त्याच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा पडतो आणि विषय संपतो. त्याला कमी ऐकू येते काय? घरी कातकरी बोली असल्याने पुस्तकी मराठी उमगत नाही काय? की त्याची बौद्धिक वाढच निराळ्या गतीने होत आहे? कारणे तीन, उपायही तीन. चुकीचा शेरा मात्र जन्मभर पुरतो.

यावर आपल्या समाजाचे उत्तर ठरलेले आहे : ‘हे सेवेचे काम, त्याला पदविका कशाला?’ उत्तर ऐकावयास उदात्त, पण परिणामी घातक! मोडलेले हाड बसविण्यासाठी आपण केवळ मायाळू माणूस शोधत नाही. मग मुलाच्या बुद्धीविषयीच ही बेफिकिरी का? १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या क्षेत्रात नोंदणीविना व्यवसाय करणे दंडनीय ठरविले, ते उगाच नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, मुंबई-पुण्यात सोय आहेच. मुंबईच्या ‘जय वकील’ने १९४४ पासून आणि पुण्याच्या ‘कामायनी’ने १९६४ पासून उभारलेले कार्य वंदनीय आहे. परंतु महानगरात शिकलेला शिक्षक वाडीची पायवाट चढून येईल आणि टिकेल, या आशेवर किती पिढ्या काढावयाच्या?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले व वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र शासनाने प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ४,८६० पदे निर्माण केली, म्हणजे एका केंद्रातील सगळ्या शाळांना मिळून एक शिक्षक! मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदे निश्चित करून पात्र उमेदवारच नेमण्यास पुन्हा बजावले. पण आदेशाने पद निर्माण होते, शिक्षक नव्हे.

तो घडावयाचा तर शिक्षणाची सोय त्याच्या दाराशी हवी. बारावीनंतरची दोन वर्षांची विशेष शिक्षण पदविका नेरळ-खोपोलीच्या मुलीला घरी राहून करता आली पाहिजे. लहान महाविद्यालयातील लहान वर्ग हे या विषयात वैगुण्य नसून बळ आहे, कारण येथे प्रत्येक विद्यार्थिनीला प्रत्यक्ष मुलासमोर बसून शिकावे लागते. तिला ठाकरी-कातकरी शब्द कानावरून गेलेले असतात. दिवाळीनंतर कोणते घर वीटभट्टीवर जाते आणि त्यासोबत कोणते मूल शाळेतून गळते, हे तिला विचारावे लागत नाही.

अर्थात परिषदेची मान्यता, तज्ज्ञ अध्यापक आणि सरावासाठी शाळा नसेल, तर असे महाविद्यालय म्हणजे प्रमाणपत्रांचे दुकान होईल. ते नको. अभियांत्रिकी आणि वाणिज्य शाखांसाठी इमारती उभारणाऱ्या या दोन तालुक्यांतील शिक्षणधुरीणांनी एक लहानसा वर्ग या कामासाठी राखावा. मागच्या रांगेतल्या मुलाला आपले अश्रू नकोत. त्याचे न बोलणे नेमके ओळखणारा एक माणूस त्याला हवा आहे.