बाळंतिणीच्या पायाची सूज

शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली स्त्री घरी आली, सव्वा महिना बाजेवरून उठावयाचे नाही हा वडीलधाऱ्यांचा दंडक पाळू लागली, आणि काही दिवसांनी तिची एकच पोटरी सुजून ठणकू लागली, की घरातली मंडळी तेल कोमट करून पाय चोळावयास बसतात. त्यामागची माया निर्विवाद असली, तरी त्या पायावर चोळणे हा उपचार नसून अपाय आहे, ही गोष्ट छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून, आणि मराठवाड्यातील प्रत्येक प्रसूतिगृहातून, घरी जाणाऱ्या कुटुंबाच्या हाती लेखी दिली गेली पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

ही सूज पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची असू शकते. रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तरास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती बळावणे, गुठळी होण्याची ही तीन कारणे फिरखो या जर्मन वैद्यकवेत्त्याच्या नावाने प्रसिद्ध आहेत. प्रसूतीतील रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गच बाळंतिणीचे रक्त गोठण्यास तत्पर ठेवतो, ही अवस्था सुमारे सहा आठवडे टिकते, आणि नेमक्या त्याच काळात आपण तिला निजवून ठेवतो! पायातील गुठळी चोळल्याने वा एरवी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली, की अकस्मात धाप लागते, श्वास घेताना छातीत कळ येते, क्वचित थुंकीतून रक्त पडते, आणि काही वेळा तर घेरी येऊन सारेच संपते.

शिंप्याची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली सारख्या अंतरावर मोजाव्यात; तीन सेंटिमीटरांहून अधिक फरक भरला, तर त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी. फरक कमी भरला, तरी एकाच पायाचे दुखणे डॉक्टरांना दाखवावेच. गुठळी आढळली, तर रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने पोटाच्या कातडीखाली देतात, पुढे वॉर्फरिनच्या गोळ्या रक्त तपासून चालू ठेवतात, आणि हे उपचार किमान तीन महिने चालतात. दुधातून बाळाला बाधेल या भयाने औषध मध्येच सोडणे घातक आहे, कारण ही दोन्ही औषधे घेत असता अंगावर पाजण्यास प्रत्यवाय नाही.

तालुक्याच्या इस्पितळात डॉप्लरची सोय नसेल, तर रक्तस्रावाचा धोका नाही याची खात्री करून हेपॅरिनचे पहिले इंजेक्शन तेथेच द्यावे व रुग्णास तत्काळ घाटीकडे रवाना करावे, असा स्पष्ट लेखी हुकूम आरोग्य खात्याने काढावा, आणि त्या इंजेक्शनांचा साठा तेथे बारमाही राहील अशी तजवीज करावी.