आमचे काय चुकले?

घरातील तरुण मुलगा एकलकोंडा होतो, नसलेले आवाज ऐकू लागतो, तेव्हा वडीलधारी माणसे आधी स्वतःलाच दोष देतात. तळेघरसारख्या डोंगराळ भागात देवऋषी, नवस होतात. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ असा सल्लाही मिळतो. स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, हा आजार मात्र संगोपनातील उणिवेमुळे होत नाही.

२०१६ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी सुमारे ६५,००० व्यक्तींच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘सी-४’ हे जनुक आपल्या प्रतिकारशक्तीचे आहे. त्यापासून बनणारे प्रथिन नष्ट करावयाच्या जंतूंवर जणू खूण करते. हेच प्रथिन मेंदूतही काम करते. पौगंडावस्थेत मेंदू पेशींमधील अनावश्यक जोड काढून टाकतो. ‘सी-४’च्या काही प्रकारांमुळे हे प्रथिन अधिक बनते आणि आजाराचा धोका वाढतो, असे त्या अभ्यासात दिसले. भाताची बेणणी करताना तणाबरोबर रोपेही उपटली जावीत, तसे येथे होत असावे, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. या आजारात मेंदूचा बाह्य थर काहीसा पातळ का आढळतो आणि लक्षणे बहुधा ऐन तारुण्यात का दिसतात, याचा उलगडा त्यातून होऊ शकतो.

तथापि, जनुक म्हणजे विधिलिखित नव्हे. या एका जनुकाचा वाटा अल्प आहे. अशी अनेक जनुके आणि परिस्थिती मिळून आजार घडतो. जुळ्या भावंडांची जनुके अगदी सारखी असली, तरी एकाला आजार झाला म्हणजे दुसऱ्याला होतोच असे नाही. शिवाय ‘सी-४’चे जे प्रकार येथे धोका वाढवतात, तेच ल्युपस या आजारापासून काही अंशी संरक्षण देतात. मग अशा वारशासाठी आईवडिलांना अपराधी कसे ठरवावे?

कॅनडास्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभी केली. त्यांच्याच प्रयत्नांतून आलेल्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने हा आजार मराठी घरांत बोलण्याचा विषय केला. आहुप्याची देवराई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नाव अधिकच जवळचे वाटेल.

काळजीवाहकांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. बरे वाटले तरी औषधे परस्पर बंद करू नयेत. झोप उडणे, अबोला, संशय वाढणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना भेटावे. जनुकांच्या तपासणीवरून या आजाराचे निदान होत नाही; तीवर पैसे खर्चू नयेत. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आणि ‘आमच्यामागे याचे कोण?’ ही चिंता एकट्याने वाहू नये. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचे कागद, बँकेचे व्यवहार यांची माहिती घरातील आणखी एका विश्वासू माणसास आजच द्यावी.