किल्ली कुणाच्या हाती?

घरात सेरेब्रल पाल्सी झालेले मूल असले की दिवाळीत त्या घराला फराळाबरोबर सल्लेही वाढले जातात. पूर्वी ते नवसाचे आणि तेलमालिशीचे असत. आता ते अमेरिकेहून येतात. चिवड्याची बशी एका हातात सांभाळीत पाहुणे दुसऱ्या हाताने मोबाइल पुढे करतात. "हे पाहिलेत का? डोक्याला पट्टा बांधायचा, वीस मिनिटे वीज सोडायची, डॉक्टर तिकडे दूर बसून पाहतो. सगळे घरच्या घरी! आपल्याकडे का कुणी आणीत नाही?" मुलाची आई कसनुसे हसते आणि आणखी चकल्या आणायला आत जाते. पाहुण्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु चांगल्या हेतूच्या माणसाला कुणी उलट उत्तर देत नाही, आणि त्यामुळेच त्याची चूक गावभर फिरते. तेव्हा ते उत्तर येथे देण्याचे मी ठरविले आहे.

प्रथम पाहुण्यांच्या बाजूने बोलतो. 'मेंदूला वीज' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मनोरुग्णालयातला शॉक उभा राहतो. तसे हे नाही. त्या शॉकचे झटके आठ-नऊशे मिलिअँपिअरचे असतात. येथे काम एक, फार तर दोन मिलिअँपिअरचे. मिठाच्या पाण्यात भिजविलेले दोन स्पंज, ते धरून ठेवणारा पट्टा आणि बॅटरीवर चालणारी लहानशी पेटी, एवढाच सारा संसार. या विजेने मेंदूतल्या पेशी पेटून उठत नाहीत. जागे होण्याला त्या थोड्या अधिक किंवा थोड्या कमी राजी होतात, इतकेच. जर्मनीत गटिंगन येथे नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली हे दाखवून दिले, आणि तेव्हापासून प्रयोगांची रांग लागली. कातडीला मुंग्या येतात, खाज सुटते, क्वचित डोके दुखते; स्पंज सुकला तर कातडी भाजूही शकते. घाबरून पळत सुटावे असे यात काही नाही.

ही पेटी घरी का नेली, तेही कारण रास्त आहे. जन्माच्या आगेमागे मेंदूत रक्तपुरवठा तुटून ज्यांचा एक हात, एक पाय दुबळा झाला, अशा मुलांवर डॉ. बर्नाडेट गिलिक यांनी आधी मिनेसोटात आणि पुढे विस्कॉन्सिनमध्ये काम केले. रोज रुग्णालयात मूल आणायचे तर आईबापांची नोकरी बुडते, धाकट्या भावंडांची आबाळ होते, आणि लांबचे लोक तर येतच नाहीत. मोठ्या माणसांच्या दुसऱ्या एका आजारासाठी, मल्टिपल स्क्लेरोसिससाठी, न्यूयॉर्कमध्ये ली शार्व्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रीत बसविली होती. २०१५ साली तिचे नियम छापून आले. त्या रीतीत पेटी घरी जाते, पण कुलूपबंद जाते. ठरल्या वेळी पडद्यावर जाणता माणूस येतो. पट्टा सरळ आहे का, स्पंज ओले आहेत का, आज मुलाला बरे वाटते आहे का, हे तो पाहतो. आणि मगच एक आकडा सांगतो. त्या आकड्याने पेटी त्या एका वेळेपुरती उघडते. उद्या आकडा नवा.

आपल्या पाहुण्यांच्या फितीत पट्टा दिसतो, पेटी दिसते, हसरे मूल दिसते. आकडा सांगणारा माणूस एक-दोन क्षण कोपऱ्यात दिसतो आणि नाहीसा होतो. माझे भांडण नेमके येथे आहे.

हे कुलूप म्हणजे काही कारकुनी अडवणूक नव्हे. उजव्या हाताचा कारभार डाव्या मेंदूकडे असतो. डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा अर्धा शिरजोर होतो आणि दुबळ्याला आणखी दाबतो, अशी एक समजूत आहे. म्हणून त्या शिरजोराला विजेने थोडे शांत करावयाचे. युक्ती ठीक. पण काही मुलांच्या बाबतीत या धडधाकट भावाने आजारी भावाचा संसारही अंगावर घेतलेला असतो. दोन्ही हात तोच चालवितो. त्याला शांत केले तर ज्या हातासाठी हा खटाटोप, तोच हात आणखी मंद होण्याचा धोका. बाहेरून दोन्ही मुले सारखीच दिसतात. फरक कळतो तो चुंबकीय तपासणीने, आणि ती करणाऱ्या माणसाला. त्यातच लहान मुलाची कवटी पातळ, म्हणून तेवढीच वीज मोठ्यापेक्षा त्याच्या मेंदूत अधिक जोराने पोचते. आणि या मुलांपैकी अनेकांना फेफरेही येते. असे असता घरबसल्या पार्सल मागवून, फितीत पाहून पट्टा आवळणारा बाप मला धाडसी वाटत नाही. २०१६ साली याच विषयातल्या संशोधकांनी 'अॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात खुले पत्र लिहून स्वतःच्या स्वतः वीज लावून घेणाऱ्यांना सावध केले होते. ते तर स्वतःच्याच डोक्यावर प्रयोग करणारे प्रौढ लोक होते!

बरे, फळ काय? कॅनडात कॅल्गरी येथे चोवीस मुलांचे दहा दिवसांचे शिबिर भरविले होते. निष्कर्ष २०१७ साली आला. निम्म्यांना खरी वीज, निम्म्यांना नुसता देखावा. हाताचा कसून सराव मात्र सगळ्यांना. हाताचे माप घेतले तेव्हा दोन्ही गट सुधारले होते आणि दोहोंत फरक नव्हता. मुलांनी व पालकांनी स्वतःच ठरविलेल्या उद्दिष्टांत वीजवाल्यांना अधिक समाधान वाटले, हेही सांगितले पाहिजे. गिलिकबाईंच्या २०१८ च्या वीस मुलांच्या प्रयोगातही धोका आढळला नाही, आणि विजेचा वेगळा गुणही दिसला नाही. आणि घरचे पहिले प्रयोग मुख्यतः इतकेच पाहायला केलेले, की हे घरी नीट जमते का. पुढे गुण येईलही. संशोधन चालू द्यावे. पण आज त्या मुलांना सुधारले कुणी? सरावाने सुधारले. चांगला हात बांधून दुबळ्याला कामाला लावले, किंवा दोन्ही हातांना एकाच कामाला जुंपले, आणि ते तासन्‌तास केले.

आणि येथे पाहुण्यांच्या लक्षात न आलेली गोष्ट येते. दुरून पाहणारा तो डोळा विजेवाचूनही काम करतो! कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी आईबापांनाच शिकवून, पडद्यावरून लक्ष ठेवून, दोन्ही हातांचा सराव घरी करविला: दिवसाला दोन तास, आठवड्याचे पाच दिवस, नऊ आठवडे. मुलांच्या हातांत चपळाई आली. पेटी नव्हती, पट्टा नव्हता. आपल्या घरात तर दोन हातांच्या कामांची खाणच आहे. लाडू एका हाताने वळत नाही. करंजीची कड दाबताना दुसऱ्या हाताने ती धरावी लागते. आकाशकंदिलाला कागद चिकटविणे, वाती वळणे, शेंगा सोलणे! मात्र कोणते काम, किती वेळ, मनगट कसे धरायचे, मूल कंटाळले की काय करायचे, हे सांगणारे कुणीतरी हवे. नाहीतर तो सराव न राहता छळ होतो.

'घरच्या घरी' या शब्दालाही मी जरा बिचकतो. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत कुलाब्याला अशा मुलांसाठी शाळा काढली, ती मूल घराबाहेर यावे म्हणून. २०१६ च्या कायद्याने त्याला शाळेचा हक्क दिला. घरच्या उपचाराचे निमित्त सांगून 'मग बाहेर कशाला नेता?' असे कुणी म्हणू लागले तर ती पेटी मुलाला पुन्हा मागल्या खोलीत नेऊन बसवील. शिवाय 'घर करील' याचा आपल्याकडे अर्थ 'आई करील' असाच होतो. तिच्या दिवसात आधीच किती तास उरले आहेत, हे कुणी विचारीत नाही. स्पंज भिजवायला बापाचे हात चालणार नाहीत, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

मला विज्ञानाचा शत्रू म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो. पेटी आणायला तुम्ही वर्गणी जमवाल. आकडा सांगणाऱ्याचा पगार कोण देणार? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्या-जिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्रे योजलेली आहेत. दूरवरून रुग्ण तपासण्याची सरकारी ई-संजीवनीही आहे. अशा केंद्रातल्या एका उपचारतज्ज्ञाने दिवसाला आठ घरांना अर्धा-अर्धा तास दिला, तर पाच दिवसांत चाळीस मुले होतात. धडगावच्या किंवा भामरागडच्या बाईला दर आठवड्याला मूल कडेवर घेऊन एस.टी.ने जिल्ह्याचे गाव गाठावे लागणार नाही. तपासणीपुरते अधूनमधून आले की पुरे. हे काम या दिवाळीनंतरच्या सोमवारी सुरू करता येईल. त्याला विजेची पेटी लागत नाही. जागा भरलेली लागते, आणि ठरल्या वेळी तिकडून कुणीतरी फोन उचलावा लागतो.