त्रुटीहूनहि अल्पायुषी

तलासरीहून एका वाचकांनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, ज्या कणाचें आयुष्य पापणी लवण्यापूर्वींच सरतें, तें मोजलें कोणीं व कसें? प्रश्न मार्मिक आहे.

हे कण म्हणजे म्यूऑन. विश्वकिरण वातावरणावर आदळले म्हणजे सुमारें १५ किलोमीटर उंचीवर ते जन्मतात. डहाणूच्या किनाऱ्यावर तळहात आडवा धरिला तर त्यांतून दर सेकंदास सरासरी एखादा पार होतो. (शेजारच्या तारापूरच्या अणुभट्टीशीं त्यांचा कांहींएक संबंध नाहीं, हें घरांतील वडील मंडळींस सांगून ठेवावें.)

कण धातूच्या ठोकळ्यांत शिरून थांबला कीं यंत्रांत एक खूण उमटते. तो क्षय पावून त्यांतून इलेक्ट्रॉन निघाला कीं दुसरी. मधला काळ तेवढा टिपावयाचा. अमेरिकेंत ब्रूनो रॉसी व नॉरिस नेरेसन यांनीं १९४२ सालीं हेंच केलें. मात्र एका कणावरून कांहींच ठरत नाहीं. हजारोंचा हिशेब मांडावा लागतो. दर दीड मायक्रोसेकंदास उरलेल्यांपैकीं निम्मे नाहींसे होतात. सरासरी आयुष्य येतें २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे सुमारें सव्वादोन दशलक्षांश. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणींतील ‘त्रुटि’ सुमारें ३० मायक्रोसेकंदांची भरते. हें आयुष्य तिच्या तेराव्या भागाइतकेंहि नाहीं. परंतु त्रुटि हा गणितानें पाडिलेला विभाग, यंत्रानें मोजिलेला नव्हे. तेव्हां उगाच गर्व नको. आम्हांस अधिक नवल वाटतें तें हें कीं, या कणांस वार्धक्यच नाहीं. दहा मायक्रोसेकंद जगलेल्या कणाची पुढील आशा नवजाताइतकीच असते!

आतां खरी अडचण. २.२ मायक्रोसेकंदांत प्रकाशहि ६६० मीटरच जातो. मग हे कण डहाणूपर्यंत पोहोंचतात कसे? आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणें अतिवेगानें जाणाऱ्याचें घड्याळ आपल्या दृष्टीनें मंद चालतें. असा कण क्षय पावत असेल तर वेगाबरोबर त्याचें आयुष्य लांबलेलें दिसावें, असें मुंबईचे होमी भाभा यांनीं इंग्लंडांत असतां १९३८ सालींच लिहिलें होतें. १९४१ सालीं रॉसी व डेव्हिड हॉल यांनीं कोलोरॅडोंत दोन निरनिराळ्या उंचींवर कण मोजिले, आणि मंद कण लवकर, वेगवान कण उशिरां क्षय पावतात असें त्यांस आढळलें. त्या दोन ठाण्यांच्या उंचींत सुमारें १६०० मीटरांचा फरक होता. आपल्याकडे हें करून पाहावयाचें तर महालक्ष्मीचा डोंगर ठेंगणा पडेल. डहाणूचा किनारा आणि कळसूबाईचें १६४६ मीटरांचें शिखर, अशी जोडी घ्यावी लागेल.