पंचांग, मुहूर्त आणि आपण

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत एक जुनाच पाहुणा नव्या वेषात येऊन मुक्काम ठोकू लागला आहे. पूर्वी तो गावजोशाच्या काखेतील पोथीतून येत असे. आता तो किराणा दुकानात फुकट मिळणाऱ्या दिनदर्शिकेतून आणि खिशातील मोबाईलमधून येतो. "आज राहुकाळ कितीला आहे?", "गृहप्रवेशाला कोणता दिवस चांगला?", "अमावास्येला नवी गाडी कशी आणायची?" असे प्रश्न, ज्या घरांच्या दिवाणखान्यात भगवान बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमा आहेत, त्या घरांतूनही ऐकू येतात. पाहुणा निरुपद्रवी आहे असे समजून कोणी त्यास हटकत नाही. आमच्या मते त्यास हटकण्याची वेळ आली आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. पंचांग आणि मुहूर्त या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तिथी, वार, नक्षत्र, योग व करण या पाच अंगांनी कालगणना करणे म्हणजे पंचांग. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती सारखी नसल्याने तिथी कधी एकोणीस तासांत आटोपते, तर कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. हे गणित आहे आणि ते ज्यांनी बसविले त्यांच्या बुद्धीविषयी आम्हांस आदरच वाटतो. भरती-ओहोटी ओळखणाऱ्या कोळ्याला तिथी लागते. आपली वैशाखी पौर्णिमा आणि आषाढी पौर्णिमेला सुरू होणारा वर्षावासही चंद्रावरूनच ठरतो. कालगणनेशी आमचे भांडण नाही. 'आज कोणता दिवस आहे' या प्रश्नाचे उत्तर देणारे पुस्तक 'तो दिवस तुम्हांला फळेल की नडेल' हेही सांगू लागते, तेथे भांडणास आरंभ होतो.

ज्ञान आणि समजूत यांतील फरक ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. तारीख वा वेळ सांगणाऱ्यास 'का?' असे विचारावे.

राहुकाळाला हा प्रश्न विचारून पाहू. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे आठ समान भाग करावयाचे आणि त्यांपैकी वारानुसार एक भाग वर्ज्य मानावयाचा, अशी ही रीत. सोमवारी दुसरा भाग, शनिवारी तिसरा, असा क्रम ठरलेला. भारतात दिवस साधारण बारा तासांचा, म्हणून राहुकाळ दीड तासाचा. परंतु येथे लंडनमध्ये डिसेंबरअखेरीस दिवस आठ तासांचाही भरत नाही. तेव्हा राहू तासाभराच्या आत आपला कारभार उरकतो. जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांवर जातो, तेव्हा त्यास दोन तासांहून अधिक अवधी मिळतो. नॉर्वेच्या उत्तर टोकाला हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. तेथील रहिवाशांना राहुकाळ नाही, आणि तरीही त्यांचे विवाह, व्यापार व बाळंतपणे चालू आहेत! आपल्यातील काही जण तर नागपूरहून आईने दूरध्वनीवर सांगितलेली वेळच लंडनच्या घड्याळाला लावतात. मुळात राहू नावाचा ग्रह आकाशात नाही. चंद्राची कक्षा आणि सूर्याचा भासमान मार्ग जेथे छेदतात त्या बिंदूचे ते नाव आहे. ग्रहणे पृथ्वीच्या व चंद्राच्या सावलीमुळे होतात, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच सांगून ठेवले आहे.

दिशाशूलाचेही तसेच. सोमवारी व शनिवारी पूर्वेकडे प्रवास वर्ज्य. येथून मायदेश पूर्वेला. नियम खरा मानला, तर आठवड्यातील दोन दिवस लंडनहून मुंबईस जाणारी विमाने रिकामीच उडावयास हवीत.

शिवाय पंचांगांचे आपसांतही एकमत नाही. महाराष्ट्रात दाते पंचांग पाळणारे आहेत, तसे टिळक पंचांग पाळणारेही आहेत. दोहोंचे अयनांश वेगळे असल्याने काही वर्षी अधिक महिना निरनिराळा येतो आणि एकाच आळीत एका घरची दिवाळी दुसऱ्याच्या महिनाभर आधी होते. मग त्या दोन घरांपैकी शुभ काळ कोणास सापडला म्हणावयाचे?

या गोंधळाची शास्त्रीय तपासणी स्वतंत्र भारतात झाली आहे. १९५२ मध्ये थोर पदार्थवैज्ञानिक डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली गेली. गरीब दुकानदाराच्या घरी जन्मलेल्या आणि विद्यार्थिदशेत जातिभेदाचे चटके सोसलेल्या या विद्वानाच्या समितीस देशात सुमारे तीस निरनिराळी पंचांगे आढळली. अहवाल १९५५ मध्ये सादर झाला आणि २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. समितीने दाखवून दिले की, परंपरागत पंचांगे ऋतूंपासून तेवीस दिवसांनी ढळलेली आहेत. सूर्याचे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते. पंचांगातील मकरसंक्रांत मात्र १४-१५ जानेवारीस येते. उत्तरायण लागल्यावाचून शुभकार्य नको म्हणणाऱ्यांचे उत्तरायणच तीन आठवडे उशिरा लागते.

आता आमच्या व्यवसायातील अनुभवाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका सुशिक्षित दांपत्याने बाळाच्या जन्मासाठी गुरुपुष्यामृताचा दिवस मागितला होता. शस्त्रक्रियेने प्रसूती करावयाची ठरलीच होती. मग दहा-बारा दिवस आधी केली म्हणून काय बिघडले, असा त्यांचा सवाल. बिघडते ते असे. गर्भाशयात असताना बाळाच्या फुप्फुसांत द्रव असतो. प्रसूतिवेदना सुरू झाल्या म्हणजे तो द्रव शोषला जाऊ लागतो. वेदनांपूर्वीच शस्त्रक्रिया केली तर तो काही अंशी तसाच राहतो, आणि दिवस जितके कमी भरलेले, तितका श्वसनाच्या त्रासाचा धोका अधिक. म्हणूनच वैद्यकीय कारण नसेल तर अशी नियोजित शस्त्रक्रिया एकोणचाळीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी सहसा करीत नाहीत. पुष्य नक्षत्राला हे आठवडे मोजता येत नाहीत. त्या दांपत्याने ऐकले व बाळ योग्य वेळी जन्मले. पण सगळेच ऐकतात असे नाही. पितृपक्ष संपू द्या म्हणून कर्करोगाची शस्त्रक्रिया पंधरवडाभर पुढे ढकला म्हणणारे आणि अमावास्या टळू द्या म्हणून पोटात दुखणारे आंत्रपुच्छ घेऊन घरी बसणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

वैद्यकशास्त्रालाही वेळेचे महत्त्व आहेच. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. परंतु ही मर्यादा कोठून आली? पूर्वी ती तीन तासांची मानली जात होती. रुग्णांवर काटेकोर चाचण्या झाल्या, २००८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मर्यादा वाढविण्यात आली. आमचे शास्त्र 'का?' या प्रश्नाला बांधलेले आहे आणि चूक दिसताच त्यास बदलावे लागते. मुहूर्त फसला तर मुहूर्त कधीच चुकीचा ठरत नाही. यजमानाच्या श्रद्धेत, पत्रिकेत वा पूर्वजन्मात खोट निघते.

कोणी म्हणेल, मनाला समाधान मिळते, तर मिळू द्या. समाधानाचे मोल आम्ही वैद्यांनी तरी नाकारू नये. परंतु या समाधानाची किंमत बहुधा दुसराच कोणी चुकवितो. मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या बाळाचे तोंड बापाने सत्तावीस दिवस पाहू नये, या समजुतीची किंमत ते बाळ आणि नुकतीच बाळंत झालेली आई चुकविते. 'मंगळ आहे' या दोन शब्दांची किंमत, वर्षानुवर्षे नकार पचविणारी उपवर मुलगी चुकविते.

आपल्यासाठी तर हा प्रश्न केवळ विज्ञानाचा नाही. वेळ सांगण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती माणसाचे जन्म, विवाह आणि मरण होते. हे महात्मा फुले यांनी फार लवकर ओळखले. १८५५ साली त्यांनी लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात जोशी ज्या कुणबी घरात शिरतो, तेथे एक गर्भवती आहे. तिच्या पोटातील बाळावर ग्रहांचे संकट आहे, असे भय घालून तो तिला लुबाडतो. गुरुपुष्यामृतासाठी शस्त्रक्रियेचा दिवस बदलून मागणारी आजची मंडळी आणि ती अशिक्षित कुणबीण यांच्यात पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. भय तेच आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी पुरोहितावाचून विवाह लागला. सेवा घेतली नाही तरी दक्षिणा द्या, असा गावजोशांचा वतनी हक्क होता. १९२६ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा होऊन ती सक्ती गेली. आपल्या पूर्वजांना तर जोशीबुवा मुहूर्त सांगत तेही दुरून, सावली न पडेल अशा बेताने. जी सक्ती झुगारण्यास इतक्या पिढ्या खपल्या, ती आपण आज पदरमोड करून विकत घेणार काय?

तथागतांनी या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणांची भाकिते करणे, विवाहास शुभ दिवस काढून देणे यांची गणना भिक्षूने टाळावयाच्या हीन उपजीविकांमध्ये केली आहे. नक्खत्त जातकात नक्षत्र अनुकूल नाही म्हणून वराकडील मंडळी ठरल्या दिवशी आलीच नाहीत आणि वधूपित्याने मुलगी दुसरीकडे देऊन टाकली, अशी कथा आहे. अंगुत्तरनिकायात तर, जो सकाळी काया, वाचा व मनाने सदाचरण करतो त्याची सकाळ मंगल, असा स्पष्ट निर्वाळा आहे. आपल्या विवाहांत म्हटल्या जाणाऱ्या महामंगल सुत्तात आई-वडिलांची सेवा आहे, मूर्खांची संगत टाळणे आहे. शुभ घटिका मात्र नाही.

येथे एक आक्षेप हमखास निघतो. बाबासाहेबांनीही धम्मदीक्षेसाठी विजयादशमीच निवडली आणि ती तर साडेतीन मुहूर्तांपैकी एक! या आक्षेपाला आमची कसोटी लावून पाहावी. १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाला 'का?' विचारले, तर अशोक विजयादशमी, सम्राट अशोकाच्या धम्मविजयाची स्मृती, हे उत्तर मिळते. 'नागपूरच का?' याचे उत्तर बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नाग लोकांच्या इतिहासाचा आधार देऊन दिले. इतिहासाची आठवण म्हणून दिवस निवडणे निराळे आणि ग्रहांच्या भयाने निवडणे निराळे. शिवाय त्याच दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, कोणताही क्रियाविधी ब्राह्मणाकडून करवून घेणार नाही, ही प्रतिज्ञा आहे. पुरोहिताला दाराबाहेर ठेवून त्याची पोथी मोबाईलमधून आत घेणे, हे त्या प्रतिज्ञेशी कसे जुळते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

म्हणून आमची आपणां सर्वांस कळकळीची विनंती आहे. विवाहाची तारीख ठरविताना सभागृह, वृद्धांचा प्रवास व सुट्ट्या पाहाव्यात. आठवणीचा दिवस हवा असेल, तर आपल्या इतिहासात दिवसांची वाण नाही. २० मार्च आहे, १४ एप्रिल आहे, १४ ऑक्टोबर आहे. रुग्णालयाची तारीख मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी. तेथे दिनदर्शिका उघडू नये. आणि आपल्या मुलांनी "राहुकाळ म्हणजे काय?" असे विचारले, तर त्यांना गप्प न करता आकाशातील तो बिंदू, ती कक्षा आणि दिवसाचे ते आठ भाग समजावून सांगावेत. ती पुढे "पण का?" असे विचारतील. त्या प्रश्नावर आपण त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!