खोकला नाही म्हणजे टीबी नाही?

२०२५ संपलं आणि टीबीमुक्त भारताची मुदतही संपली. मार्च २०१८ मध्ये पंतप्रधानांनी दिल्लीत ती जाहीर केली होती, जगाने ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१५ मध्ये देशात लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, २०२४ मध्ये १८७. घट झाली २१ टक्के, ठरली होती ८० टक्के. झालेलं काम आम्ही नाकारत नाही. पण आमच्या पुसेगावसारख्या गावात प्रश्न वेगळाच पडतो: ही मोजणी नेमकी कोणाला शोधते?

घरोघरी फिरणाऱ्या ताई पहिला प्रश्न विचारतात, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का? मोठ्यांसाठी प्रश्न बरोबर आहे. मुलांच्या बाबतीत तो अनेकदा चुकतो. लहान मुलाला बेडकाच काढता येत नाही, मग तपासणार काय? आणि टीबी फुप्फुसाबाहेर असेल तर खोकला असेलच असं नाही.

हृदयाभोवती एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं. छातीतल्या गाठींमधून जंतू तिथे पोचले की आवरणाला सूज येते आणि आत पाणी साठतं. फुप्फुसाच्या टीबीच्या शंभर रुग्णांत असे एक-दोनच, म्हणून हा प्रकार कोणाच्या ध्यानात येत नाही. पोराला बारीक ताप राहतो, वजन घटतं, धाप लागते, पुढे पोट आणि पाय सुजतात. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, कोणी म्हणतं नजर लागली. टॉनिकच्या बाटल्या संपतात, तावीज बांधला जातो. दुआ जरूर करावी, पण एक्स-रे आणि इकोही करावा. पाणी जास्त साठलं तर हृदयाला नीट भरताच येत नाही, तेव्हा सुईने ते काढावं लागतं. उशीर झाला तर आवरण जाड होऊन हृदयालाच आवळतं, मग शस्त्रक्रियेची वेळ येते. वेळेत कळलं तर साधारण सहा महिन्यांच्या गोळ्या, वजनाप्रमाणे, सरकारी दवाखान्यात मोफत.

जन्मल्यावर बीसीजी टोचली होती ना, असं पालक विचारतात. ती लस लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून बरंच संरक्षण देते, पण टीबी होणारच नाही अशी हमी देत नाही.

आमच्या समाजात आणखी एक अडचण आहे. जुन्या लोकांचा ‘तप-ए-दिक’ म्हटलं की घर दबक्या आवाजात बोलू लागतं, त्यात मुलगी असेल तर ‘रिश्ते का क्या होगा’. फक्त हृदयाच्या आवरणाचा टीबी असलेलं मूल सहसा दुसऱ्याला आजार देत नाही. उलट त्याला तो बहुतेकदा घरातल्याच कोणा मोठ्याकडून आलेला असतो. म्हणजे पोर सापडलं की दादा-दादी, अब्बा, चाचा सगळ्यांची तपासणी व्हायला हवी. घरातल्या बाकीच्यांना प्रतिबंधक गोळ्याही मिळतात. लपवलं तर हे सगळंच राहून जातं. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी दोन मिनिटं यावर बोलावं, असं आम्हाला वाटतं.

आम्ही शिक्षक तरी कुठे वेगळे? पोर कवायतीत मागे राहिलं की आळशी, महिनाभर आलं नाही की गैरहजर, शेरा मारून मोकळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी नेमकं आजारी पोर घरी असतं. अशा पोरांची नावं आम्हीच पथकाकडे द्यायला हवीत.

खर्चाचंही बोलू. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० ऐवजी १००० रुपये मिळतात. पण इकोसाठी हिंगोली किंवा नांदेड गाठायचं तर भाडं आणि बुडालेली मजुरी त्यातच जाते. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये तर गोळ्यांचाच तुटवडा झाला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितलं. उपचार मध्येच तुटणं या आजारात महागात पडतं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघणाऱ्या कुटुंबांनी म्हणूनच दवाखान्यात आधी सांगून जावं. निक्षय आयडी सोबत असला की जिथे मुक्काम असेल तिथल्या सरकारी दवाखान्यातही गोळ्या पुढे चालू राहतात. तो नंबर पोराच्या आधार कार्डाच्या पिशवीतच ठेवावा.