सोफ्याला शोभेल असं चित्र कशाला हवं?



आज जरा भांडायचं आहे. नवीन फ्लॅट झाला किंवा जुन्या घराला रंग काढला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘ही भिंत रिकामी दिसतेय, काहीतरी लावू या.’ माझं भांडण या ‘काहीतरी’शी आहे.

इंटिरिअरवाला थ्रीडी व्ह्यू दाखवतो. राखाडी सोफा, राखाडी पडदे, मोरपिशी उशा आणि वर राखाडी-मोरपिशी फटकाऱ्यांचा मोठा कॅनव्हास. सगळं कसं जुळून आलेलं! मग कोटेशन येतं. त्यात किचन ट्रॉलीची बिजागरी कुठल्या कंपनीची, प्लाय किती एमएमचा, लॅमिनेटचा नंबर काय, हे सगळं असतं. ‘वॉल आर्ट’ ही ओळ मात्र दिवे आणि कुंड्यांच्या मधे, नग एक, रक्कम अमुक. कुणी काढलं, कशावर काढलं, काही नाही. बिजागरीची कंपनी विचारणाऱ्या आपण, रोज डोळ्यांसमोर राहणार असलेल्या चित्राच्या कर्त्याचं नाव विचारत नाही. पुढच्या वेळी सोफ्याचं कापड बदललं की ते चित्रही माळ्यावर जातं, कारण ते सोफ्यासाठीच आलेलं असतं.

दुसरा प्रकार म्हणजे धावते सात घोडे. अमुक दिशेला लावले की धंदा धावतो म्हणे. अगं, पाठशाळेत तीन मूढता पाठ केल्या ना आपण? लोकमूढता, देवमूढता, गुरुमूढता. रत्नकरंड श्रावकाचार वाचणाऱ्या घरात, दुकानाची उलाढाल वाढावी म्हणून घोड्यांचं पोस्टर लागतं आणि कुणालाच ते खटकत नाही. घोड्यांचं चित्र आवडतं म्हणून लावा, माझी काही हरकत नाही. नवस म्हणून लावू नका.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त सलतो. बुद्धाचं नुसतं शीर. पांढरं, सोनेरी, फायबरचं, मागे एलईडी. ही नुसत्या मस्तकाची आवड कुठून आली, याचा विचार करा. जावा बेटावरच्या बोरोबुदूर स्तूपावर बुद्धाच्या 504 मूर्ती होत्या. त्यातल्या तीनशेहून जास्त भंगलेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना शीरच नाही. आशियातल्या कितीतरी देवस्थानांतली मस्तकं अशीच तोडून परदेशी संग्राहकांकडे गेली, आणि तोडलेलं मस्तक ही शोभेची वस्तू झाली. दुसऱ्याच्या पूज्य मूर्तीचं तुटलेलं रूप आपण टीव्ही युनिटवर मांडतो. आता तर बाजारात भगवान महावीरांच्या चेहऱ्याचे म्युरलही मिळतात. ओळखीच्या एका घरात तसं म्युरल प्रवेशाच्या भिंतीवर होतं आणि बरोबर खाली चपलांचं कपाट. डिझायनरनेच सुचवलं होतं, ‘एंट्री पॉइंटला फोकस हवा’ म्हणून. शीर भंगलेली प्रतिमा आपण वेदीवर ठेवत नाही. मग मुळातच शीर वेगळं करून घडवलेली प्रतिमा चपलांवर कशी चालते? जिनबिंबाची जागा गृहचैत्यालयात आहे, देवघरात आहे. नाहीतर मंदिर आहेच. दिवाणखान्यात ‘आपण जैन आहोत’ हे दाखवायला तीर्थंकरांना शोपीस करणं हा अविनयच. भिंतीवर आपला वारसा हवा असेल तर अढाईद्वीपाचं किंवा लोकाकाशाचं चांगलं चित्र लावा. त्यात भूगोल आहे, गणित आहे, रंग आहेत, आणि घरातली मुलं त्यावरून प्रश्न विचारतात.

‘मग काय ते आजकालचं अगम्य लावायचं का? त्यातलं काही कळत नाही,’ असं तुमच्यापैकी अर्ध्या जणी म्हणणार. मला हे ऐकलं की हसू येतं. सिद्ध भगवंतांची प्रतिमा आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पितळेच्या पत्र्यातून मनुष्याकृती कापून काढलेली असते आणि जिथे देह असायला हवा तिथे मोकळी जागा असते. अशरीरी आत्मा दाखवायचा कसा, तर न दाखवून. कुणा अनाम कारागिराने केवढा धीट विचार केला तो! त्या पोकळीपुढे हात जोडणाऱ्या बायकांना अमूर्त चित्र कळत नाही, हे मी मानायला तयार नाही. कळणं म्हणजे ‘हे झाड, ही नदी’ असं बोट दाखवणं नव्हे. पाच मिनिटं समोर बसा. सामायिकाला बसतोच ना आपण, तेही अठ्ठेचाळीस मिनिटं.

वासुदेव गायतोंडे यांचंच घ्या. 1924 साली नागपुरात जन्म, घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही. रंगांचे थर आणि त्यातून वर येणारा उजेड. वर्षाकाठी मोजकीच चित्रं काढायचे. दिल्लीत निजामुद्दीनला एका छोट्या बरसातीत एकटे राहिले आणि 2001 मध्ये गेले. पुढे 2013 साली मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना विकलं गेलं. पेपरात आकडा आला, तेव्हा आपल्या घरांत चर्चा झाली ती आकड्याची. मला त्यातली बरसाती जास्त लक्षात राहिली.

परिग्रहाचा प्रश्न कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढते. ‘चित्रं विकत घेणं म्हणजे परिग्रह वाढवणं नाही का?’ आहे. पण हा प्रश्न चौदा फुटी वॉर्डरोबच्या वेळी का येत नाही? तिसऱ्या डिनर सेटच्या वेळी? उमास्वामींनी परिग्रहाचं मूळ वस्तूत नाही, आसक्तीत दाखवलं. सोफ्याला जुळणारी पाच कॅनव्हासं घेण्यापेक्षा एक खरं चित्र घ्या आणि तिथेच थांबा. ज्यांनी परिग्रह-परिमाण घेतलं आहे त्यांनी चित्रांचीही संख्या ठरवावी. नवीन एक आलं की जुनं एक लेकीकडे, नाहीतर गावच्या वाचनालयात. आणि ‘गुंतवणूक म्हणून घ्या, भाव वाढतो’ असं सांगणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. भावाकडे डोळा लावून घेतलेलं चित्र म्हणजे भिंतीवर टांगलेली मुदत ठेव.

आता एक गोष्ट, जी आपल्याशिवाय कुणी विचारणार नाही. चित्र कशाने काढलं? तैलरंगाचे जाडे ब्रश डुकराच्या केसांचे असतात. बारीक कामाचे महागडे ब्रश सेबलचे, म्हणजे मुंगसासारख्या एका केसाळ प्राण्याच्या शेपटीचे. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे ब्रशही चालत आले आहेत. मुंगसाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तरी ते चोरून विकले जातात. ‘आयव्हरी ब्लॅक’ नावाचा काळा रंग हाडं जाळून करतात. जलरंगाच्या बऱ्याच भारी कागदांना जिलेटिनचा हात दिलेला असतो, आणि कारमाइन हा लाल रंग किड्यांपासून निघतो. रेशमी साडी सोडणाऱ्या, बिस्किटाच्या पुड्यावरचे ई-नंबर वाचणाऱ्या आपण, हे विचारायला काय हरकत आहे? ॲक्रिलिक रंग, नायलॉनचा ब्रश, सुती कॅनव्हास असं काम करणारे चित्रकार भरपूर आहेत. नसतील तर सांगून काढून घेता येतं. चित्रकार नाराज होत नाहीत. उलट बहुतेकांना हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकायला मिळतो.

प्रिंट वाईट असं मी म्हणत नाही. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो मळवलीला गेला, आणि त्यांची चित्रं गरिबाच्या घरात पोचली ती छापूनच. पण प्रिंट असेल तर प्रिंट म्हणून घ्या. छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून ‘हँडमेड’ म्हणून विकतात, ते असत्यच. बोटाने चाचपून फसू नका. भिंग धरा. छपाईचे बारीक ठिपके दिसले की समजा.

घ्यायचं कुठून? कोल्हापूर-सांगलीकडच्या बायकांनी तर हे विचारूच नये. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचं हे गाव. दसरा चौकातल्या शाहू स्मारकाच्या कलादालनात सतत काही ना काही मांडलेलं असतं. फुकट बघता येतं, चित्रकार स्वतः तिथे उभा असतो. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं तर चुकवूच नका. विद्यार्थ्याचं चांगलं काम तुमच्या पडद्यांच्या बिलापेक्षा कमी पैशात मिळतं. मुंबईच्या जाल त्यांनी जहांगीरला तासभर काढावा. आवडलं तरी लगेच घेऊ नका. आठ दिवसांनीही आठवत राहिलं तर घ्या. आणि निवड स्वतः करा. घर बायकांनी सांभाळायचं आणि भिंत डिझायनरने किंवा यजमानांच्या मित्राने ठरवायची, हे पुरे झालं. पावतीवर चित्रकाराचं नाव, वर्ष, माध्यम लिहून घ्या.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर ठेवा. आपल्याकडे सगळे फारच वर टांगतात, मान मोडते. समोर खाली बसायची बैठक असेल तर आणखी थोडं खाली चालेल. जलरंग उन्हासमोर नको, उडतो. आणि आपल्याकडच्या पावसात पश्चिमेची भिंत ओल धरते, तिथे कागदावरचं चित्र लावू नका. दुसरीकडे लावलं तरी फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहते आणि बुरशी धरत नाही. चातुर्मास संपला की एकदा उतरवून मागची बाजू कोरड्या फडक्याने पुसा. हलक्या हाताने, मागे कोळ्याने घर केलेलं असतं, त्याला आधी बाहेर सोडा.